बी चावून पाहणे

सकाळी सात वाजता द्राक्ष खायचं नसतं, चावायचं असतं.
गर थुंकायचा, साल दाढेखाली रगडायची,
आणि मग बी.
फोडली की क्षणभर काहीच होत नाही.
मग हिरड्या मागे सरकतात,
गाल आतून दातांकडे ओढले जातात,
जिभेवर कुणी मांजरपाट अंथरल्यासारखं.
बोलायला गेलं तर शब्द ओठांनाच चिकटतो.

गिरणारे रस्त्यावरच्या मळ्यात माझी नोकरी हीच.
तक्त्यात रकाना असतो, शून्य ते दहा.
मी लिहिते : सात.
यमुनाबाई गांगुर्डे, ओळ अकरावर काम करणाऱ्या,
न विचारता एक मणी तोंडात टाकतात,
डोळा बारीक करून म्हणतात,
"अजून पंधरा दिवस. घशाला मिठी बसतेय."
प्रयोगशाळेचा आकडा दुपारी येतो.
तोही तेच सांगतो, पण त्याला मिठी माहीत नाही.

शनिवारी पुण्याहून पाहुणे येतात, पेले फिरवतात.
देवदत्त सर समजावतात, ही चव नाहीच मुळी,
हा स्पर्श.
लाळेत जे काही गुळगुळीत असतं
ते हा धरून धरून गोळा करतो,
आणि उरते ती तुमचीच जीभ, वंगण नसलेली.
पाहुणे माना डोलावतात. मी पेले विसळते.
शाळेत आम्ही सहा चवी पाठ केल्या होत्या,
तुरट सगळ्यात शेवटी,
श्वास संपता संपता.

बाबांच्या धोपटीत वस्तरा, वाटी, कंगवा,
आणि चिंधीत बांधलेला तुरटीचा खडा.
रामकुंडावर त्यांची जागा ठरलेली.
समोर बसणाऱ्याचं कुणीतरी नुकतंच गेलेलं असायचं.
बाबा डोकं भिजवायचे, कानामागून सुरुवात करायचे.
त्यांचा हात हलत नसे.
हलायचा तो माणूस. हुंदका टाळूपर्यंत चढतो,
आणि वस्तरा लागतो.
मग खडा.
"स्स," करायचा माणूस,
रक्त थांबायचं,
बऱ्याचदा रडणंही, निदान पायऱ्या चढेपर्यंत.

पुराच्या दिवसांत आई घरातल्या खड्याला
हंड्यात सात वेढे द्यायची.
सकाळपर्यंत गोदावरी दोन भागांत :
वर पाणी, तळाला गाळ.
सदानंदाने पैज लावली, चाटून दाखव.
मी चाटला.
संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडातून अक्षर नाही.
बाबा म्हणाले, सापडला हिचा इलाज.

पहिल्या पगाराला मी त्यांच्यासाठी बाटली आणली.
माळकरी नव्हते, पण पीतही नसत.
एक घोट तोंडात धरून बसले,
भिंतीकडे बघत, बराच वेळ.
"हे तर धोपटीतलं," म्हणाले.
मग, "याचे किती देतात लोक?"
मी सांगितलं.
त्यांनी उरलेली वाइन परत बाटलीत ओतली,
थेंबही न सांडता.

मागल्या माघात दहाव्याला
सदानंद त्याच जागेवर बसला.
वस्तरा बारकूकाकांच्या हातात.
मी वरच्या पायरीवर, बायका उभ्या असतात तिथे.
कानामागे लागलंच.
काकांनी चिंधी सोडली.
खडा मधोमध झिजलेला, बोटाच्या मापाचा,
बोट त्यांचं नव्हे.
"रंगनाथाचाच आहे," ते म्हणाले. "मी नवा घेतला नाही."
सदानंद म्हणाला, स्स.

माझं काहीच कापलं गेलं नव्हतं.
लावणार कुठे.

तेराव्यानंतर कामावर गेले.
ओळ अकरा. बी फोडली, वाट पाहिली.
गोळा करायला तोंडात काही नव्हतंच.
रकान्यावर पेन टेकवून उभी राहिले.
यमुनाबाईंनी एक मणी टाकला तोंडात,
द्राक्षाकडे नाही, माझ्याकडे बघितलं,
बी तळहातावर थुंकली,
मातीत पुसली.
"राहू दे," म्हणाल्या, "आज नको लिहू."